तुळशीचं लग्न लागण्याआधी

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या कामाला उसंत नसते. चातुर्मासात अडकून पडलेले मुहूर्त एकदम मोकळे होतात, कार्यालयांच्या तारखा हातोहात जातात आणि 'यंदा काहीही करून उरकायचंच' हे वाक्य दिवसातून दहादा कानावर पडतं. बावीस वर्षं मी वधूवर सूचक मंडळ चालवते. या वाक्यावरच माझं घर चाललं. पण त्यातलं 'काहीही करून' मला आता ऐकवत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत हे तुमच्यापर्यंत पोचायला हवं, कारण त्यानंतर बैठका बसतील, याद्या होतील आणि एकदा याद्यांवर सह्या झाल्या की आपल्याकडे कुणी थांबत नाही.

मागणं सरळ आहे. तुमच्या घरात, भावकीत, आळीत एखादा मुलगा लग्नाला नको म्हणत असेल, का म्हणून विचारलं की मान खाली घालत असेल, एखाद्या मुलीनं धीर करून सांगूनच टाकलं असेल की मला मुलगा नको, मला मुलगी आवडते, तर त्या लेकराचं लग्न या हंगामात लावू नका. 'एकदा लग्न झालं की सुधारेल' या भरवशावर तर मुळीच लावू नका. तो भरवसा मी स्वतः एका घराला दिला होता. त्याचं सांगते. नावगाव सांगणार नाही, आणि ओळखू येऊ नये म्हणून थोडं बदललंही आहे.

दुपारची वेळ होती, शटर अर्धं खाली ओढलेलं. तो वाकून आत आला. अठ्ठावीस-एकोणतीसचा, चांगल्या नोकरीतला. फॉर्म त्याच्या वडिलांनी भरून दिला होता आणि 'अपेक्षा' या रकान्यातही वडिलांचंच अक्षर होतं. सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष, नोकरी असल्यास चालेल. तो म्हणाला, "काकू, माझा फॉर्म परत द्या." मी नेहमीचं विचारलं, "का रे, बाहेर जुळलंय का कुठं? मुलगी कुठली?" तो म्हणाला, "मुलगी नाही." आणि गप्प बसला. माझ्याकडच्या प्लास्टिकच्या खुर्चीच्या हाताची कड तुटलेली होती, तिच्यावर तो अंगठा घासत राहिला. त्या 'मुलगी नाही'चे दोन अर्थ होतात हे मला तेव्हाही कळलं होतं. न कळण्याइतकी मी भोळी नव्हते. पण दुसरा अर्थ घेतला असता तर मला काहीतरी करावं लागलं असतं, म्हणून मी सोयीचा घेतला. म्हणाले, "मग अडचण काय आहे? होतं सगळं. बोहल्यावर चढलं की माणूस वळणावर येतं." फॉर्म दिला नाही. वर संध्याकाळी त्याच्या आईला फोन करून सांगितलं, "मुलगा बुजतोय, लांबण लावू नका."

तीन आठवड्यांत कांदेपोहे झाले. छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण. माघात लग्न.

मुलगी आली ती पुढच्या दिवाळीच्या तोंडावर. त्याच खुर्चीवर बसली. मांडीवर दवाखान्याची फाइल होती, तीत सोनोग्राफी, थायरॉइड, रक्ताचे रिपोर्ट, आणि सगळं नॉर्मल. सासूनं सोळा सोमवार धरायला लावले होते. आपण जाड झालो म्हणून नवऱ्याचं मन नसेल, असं वाटून तिनं रात्रीचं जेवण सोडलं होतं. "तो वाईट नाही हो काकू," ती म्हणाली. "आवाज चढवत नाही, पगार हातात देतो. फक्त माझ्याकडे बघत नाही. माझ्यात काय कमी आहे?"

माझ्याकडे उत्तर होतं. वर्षभर होतं. तेही मी तिला दिलं नाही. शेवटी त्यानंच तिला सांगितलं आणि दोघांनी संमतीनं घटस्फोट घेतला. गावानं बोट तिच्याकडेच दाखवलं, मूलबाळ नाही ना झालं. तो गाव सोडून पुण्याला गेला. दोघांपैकी कुणीही मला जाब विचारायला आलं नाही. आलं असतं तर कदाचित हे कैक वर्षं आधी लिहून झालं असतं.

म्हणून मी जेव्हा म्हणते की असं लग्न लावू नका, तेव्हा मुलासाठी म्हणते तितकंच त्या दुसऱ्या घरच्या मुलीसाठी म्हणते. आपण 'आपला मुलगा मार्गी लागावा' म्हणून जे करतो त्यात एक परकी पोर औषधासारखी वापरली जाते. तिला कुणी विचारलेलं नसतं.

त्यानंतर मी वाचायला लागले. तोवर अशा माणसांसाठी माझ्याकडे जे शब्द होते ते सगळे शिव्यांतले. समलिंगी, गे, लेस्बियन, ट्रान्स हे शब्द मला पुस्तकांतून मिळाले, आणि ते तोंडात बसायलाही वेळ लागला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट काढला आणि हे सगळं मराठीत, आपल्या घरांतल्या भाषेत लिहिलं. त्यांचं 'पार्टनर' आधी हाती लागलं. नंतर 'मनाचिये गुंती', ज्यात आईबापांनी आपलं सांगितलं आहे. ते पुस्तक मी मंडळात ठेवते. कुणाला न विचारता, बायोडेटांच्या फायलींशेजारी. दोनदा चोरीला गेलं, त्याचा मला आनंदच झाला.

'हे सगळं मोबाइलमुळे आलंय' असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आलं आणि त्यात मुलीवर प्रेम करणाऱ्या सुमित्राचं काम रोहिणी हट्टंगडी यांनी केलं होतं. तेव्हा आपल्या घरात फोनसुद्धा नव्हता. आणि त्याच्याही आधी, मी परकरी पोर असताना, लुगडं नेसलेले यल्लमाचे जोगते दारात यायचे. आई त्यांच्या परडीत पीठ घालायची आणि आम्हाला पाया पडायला लावायची. उंबऱ्याबाहेर उभा असलेला जोगता आपल्याला चालत आला आहे. उंबऱ्याच्या आत, आपल्याच पोटी असं कुणी जन्मलं की मात्र त्याला आपण माणसांतून उठवतो.

आता आईबापांशी बोलते, कारण खरी घाई तिथं आहे.

मुलानं सांगितलं त्या रात्री घरात काय होतं ते मला बऱ्याच घरांतून कळलं आहे. आई म्हणते, माझं मेलेलं तोंड बघशील. वडील छातीला हात लावून बसतात. मामाला बोलावणं जातं. देवघरापुढे उभं करून शपथ घेतली जाते. मुलगी असेल तर तिचा फोन काढून घेतात, कॉलेज बंद होतं, आणि पंधरा दिवसांत कुठलंसं स्थळ उभं राहतं, ज्याची एरवी कुणी चौकशीही केली नसती. हे सगळं प्रेमापोटीच होतं, हे मला मान्य आहे. विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या पोराला मागून मिठी मारावी तसं ते प्रेम असतं. पोर तोल जाऊन पडतं.

तुम्हाला धक्का बसेल. बसू द्या. त्यानं हे वाक्य दहा वर्षं तोंडात घोळवलेलं आहे आणि तुम्ही ते दहा मिनिटांपूर्वी ऐकलं आहे. तुम्हाला वेळ लागणारच. लागेल तितका घ्या, रडा, भांडा, देवाशी बोला. पण तो वेळ घेताना त्याच्या ताटावर, फोनवर, फीवर हात टाकू नका. घराबाहेर जा म्हणू नका. लग्नाची तारीख काढू नका. 'आमचं काय चुकलं' हा प्रश्न त्याला विचारू नका, कारण त्याचा अर्थ त्याला 'तू चूक आहेस' असाच ऐकू येतो. काहीच सुचत नसेल तर मी एका आईचं वाक्य सांगते. मुलगा सांगून झाल्यावर भिंतीकडे बघत उभा होता. तिला त्यातलं निम्मं कळलं होतं. ती म्हणाली, "बरं. उद्या डब्यात काय देऊ?" तो मुलगा मला म्हणाला की त्या रात्री मी सहा वर्षांनी गाढ झोपलो.

उपचाराचं विचाराल. विचारताच. डोकं फिरलंय का, हार्मोन्सचं काही आहे का, अमक्या गावाला एक महाराज आहेत. तर ऐका. जागतिक आरोग्य संघटनेनं समलिंगी असणं आजारांच्या यादीतून १७ मे १९९० रोजी काढलं. सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ मधून सज्ञान माणसांचे राजीखुशीचे संबंध बाहेर काढले, म्हणजे गुन्हाही उरला नाही. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी त्या निकालात अशा अर्थाचं लिहिलं की इतिहासानं या माणसांची आणि त्यांच्या घरच्यांची माफी मागायला हवी. इतिहासाचं इतिहास बघेल, मला माझी मागायची आहे.

आणि 'सरळ करून देतो' म्हणणारा कुणी डॉक्टर भेटलाच, तर त्याची पायरी चढू नका. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं असले 'उपचार' करायला मनाई केली, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असं करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. त्याची तक्रार होऊ शकते. मद्रासच्या त्या खटल्यातली एक गोष्ट मला फार आवडते. दोन मुली घर सोडून एकत्र राहायला गेल्या होत्या आणि घरच्यांनी त्या हरवल्याची तक्रार दिली होती. न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी उघडपणे सांगितलं की या विषयातलं आपल्याला पुरतं कळत नाही, आणि ते स्वतः मानसशास्त्रज्ञापुढे जाऊन बसले, शिकायला. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश खुर्चीवरून उठून विद्यार्थी होऊ शकतो, तर घरातल्या कर्त्या माणसाला काय हरकत आहे?

समुपदेशकाकडे जायचंच असेल तर आधी तुम्ही जा. मुलाला 'दाखवायला' नेऊ नका. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. मुंबईत 'स्वीकार, द रेनबो पेरेंट्स' नावाचा आईबापांचाच गट २०१७ पासून आहे. २०२३ साली त्यांच्यातल्या चारशेहून अधिक पालकांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. आम्ही म्हातारे होत चाललो आहोत, आमच्या मुलांच्या लग्नावर कायद्याची मोहोर उमटलेली आम्हाला बघायला मिळावी, असा त्याचा आशय. ते पत्र वाचलं तेव्हा मी हातातली यादी बाजूला ठेवली. लग्नाची हौस या आईबापांनाही होती, आपल्याइतकीच. त्यांनी फक्त नवरा किंवा नवरी कोण हे मुलांवर सोपवलं.

ती मोहोर अजून उमटलेली नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं समलिंगी लग्नाला मान्यता द्यायचं नाकारलं, ते काम संसदेचं म्हणून सांगितलं. त्यामुळे तुमची जी खरी भीती आहे, 'म्हातारपणी याला कोण?', ती खोटी नाही. पण जबरदस्तीचं लग्न हे तिचं उत्तर नव्हे. उत्तर कागदपत्रांत आहे आणि तिथं तुमची मदत लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलं की अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडायला किंवा एकमेकांना नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. नुसतं नॉमिनी करून मात्र थांबू नका. नॉमिनीच्या हातात पैसे येतात, मालकी येतेच असं नाही. मालकीसाठी मृत्युपत्र हवं, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह. मुलगा तुमच्या घरात वाढला, फ्लॅटसाठी त्याच्या जोडीदारानं हप्ते भरले, आणि उद्या काही बरंवाईट झालं तर चुलते किल्ली मागायला येतील. ते येऊ नयेत याची तजवीज बाप करू शकतो. एका निवृत्त तलाठ्यानं केली आहे. मला म्हणाला, "आयुष्यभर दुसऱ्यांच्या वारसनोंदी केल्या, पोराची मला करता येऊ नये?"

मुलींचं वेगळं सांगायलाच हवं, कारण मुलाचं निदान 'करिअर करतोय' म्हणून दोन-चार वर्षं खपतं. मुलीला पंचविशी ओलांडली की घरात श्वास घेऊ देत नाहीत. तिच्या हातात पैसे नसतात, रात्री बाहेर पडायची मुभा नसते आणि मैत्रिणीबरोबर खोली घेतली तर तिसऱ्या दिवशी पोलीस दारात असतात, कारण बापानं 'पळवून नेली' म्हणून तक्रार दिलेली असते. अशा वेळी कायदा काय म्हणतो ते ठाण्यातल्या हवालदाराइतकंच आपल्यालाही माहीत हवं. अठरा पूर्ण झालेली मुलगी कुठं आणि कुणाबरोबर राहायचं हे स्वतः ठरवू शकते. 'मी माझ्या मर्जीनं आले' हा तिचा जबाब पुरेसा आहे. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२४ मध्ये, देवू जी. नायर खटल्यात, सगळ्या न्यायालयांना बजावलं की अशा मुलीला समुपदेशनाच्या नावाखाली घरच्यांच्या बाजूला वळवायचा प्रयत्न करू नका. आणि ट्रान्स लेकरांच्या बाबतीत २०१९ चा कायदा आहे. त्यांना घरातून किंवा गावातून हाकलणं हा गुन्हा आहे. 'आम्ही त्याला आमच्यासाठी मेला म्हणून सांगितलं' असं छाती पुढे काढून सांगणारे बाप मी पाहिले आहेत. त्यांना हे कुणीतरी सांगा.

मावश्या, आत्या, काका, शेजारी, तुम्हीही यात आहात. केळवणाच्या पंगतीत, बारशाला, अगदी तेराव्यालासुद्धा 'काय मग, लाडू कधी?' हा प्रश्न आपण तोंडी लावण्यासारखा घेतो. ज्याला विचारतो तो हसून ताटात बघतो आणि त्याची आई घरी गेल्यावर त्याच्यावर फिरते. एवढा एक हंगाम हा प्रश्न कुणालाच विचारू नका, बघू तरी जमतं का. माझा तर धंदाच त्या प्रश्नाचा, तरी मी सोडला.

तुमच्या इमारतीत दोन पुरुष किंवा दोन बायका एका खोलीत राहत असतील तर त्यांचं काय नातं आहे हे शोधायला समिती नेमायची गरज नाही. सोसायटीच्या 'फक्त फॅमिलीला' या पाटीची फॅमिली म्हणजे कोण, हे एकदा सभेत विचारा. सत्यनारायणाचं आमंत्रण दोघांना द्या, एकाच पत्रिकेवर. दिवाळीत डबा एक पाठवत असाल तर त्यात चकल्या दोघांपुरत्या घाला. आजारपणात जोडीदाराला 'तुम्ही कोण लागता?' असं दवाखान्यात विचारलं गेलं आणि तुम्ही शेजारी म्हणून तिथं असाल, तर 'घरचेच आहेत' म्हणा. या गोष्टी बारीकसारीक वाटतात. ज्यांच्या वाट्याला त्या येत नाहीत त्यांना त्या बारीक वाटत नाहीत.

आणि तू, जो हे आईच्या मासिकात चोरून वाचतो आहेस, किंवा तू, जिचा बायोडेटा परवाच वडिलांनी कुठल्याशा ग्रुपवर टाकला. तुझ्याशी बोलायचा मला फारसा अधिकार नाही, तरी बोलते.

स्वतःशी मान्य करणं आणि घरी सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं आज रात्री करता येतं, आरशापुढे, कुणालाही न सांगता. 'मी असा आहे, मी अशी आहे, आणि माझ्यात बिघाड नाही.' ते जमेपर्यंत दुसऱ्याला हात घालू नकोस. घरी कधी सांगायचं, सांगायचं की नाही, हे तुझं तू ठरव. कुणीही, अगदी तुझ्यासारखाच दुसरा कुणी मित्रही, त्यासाठी घाई करत असेल तर ऐकू नकोस. घरची माणसं मारकुटी असतील, शिक्षण त्यांच्या पैशावर चालू असेल, तर आधी पायावर उभं राहा. आधार कार्ड, मार्कशीट, पासबुक एखाद्या भरवशाच्या मैत्रिणीकडे ठेव. एक माणूस तरी असा शोध, ज्याच्यासमोर तुला आवाज बदलावा लागत नाही. पुण्यामुंबईत असे गट आहेत, मोर्चे निघतात, पुण्यातला पहिला २०११ च्या डिसेंबरात निघाला. पण तुझ्या तालुक्यात मोर्चा नसला तरी माणूस सापडतो. कॉलेजातल्या एखाद्या मॅडम असतील, चुलत बहीण असेल, एखादा जुना वर्गमित्र असेल. जीव नकोसा झाला तर १४४१६ आत्ता फिरव, उद्यावर टाकू नकोस.

सत्य सांगायची घाई नसली तरी लग्नाला हो म्हणायची घाई त्याहून नको. आईच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून हो म्हणशील, आणि त्या हो-ची किंमत अशी कुणीतरी भरेल जिनं तुला कधी काही केलं नव्हतं. साखरपुडा झाला असेल तरी वेळ गेलेली नाही. तिला, किंवा त्याला, पत्रिका वाटायच्या आधी सांग. कारण सांगायची हिंमत नसेल तर नुसतं 'मला हे लग्न करायचं नाही, दोष तुझा नाही' एवढं सांग. कार्यालयाचा अॅडव्हान्स बुडेल, बस्त्याचे पैसे जातील, चार माणसं थुंकतील. ते महिनाभर चालेल.

ज्या मुलींना लग्नानंतर कळलं, त्यांच्यासाठीही दोन शब्द, कारण माझ्या खुर्चीवर बसलेल्या त्या पोरीला ते मी तेव्हा सांगितले नाहीत. महत्त्वाची गोष्ट लपवून किंवा धाकानं संमती घेतलेलं लग्न हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली रद्द करून मागता येतं. मात्र फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. तेव्हा सोळा सोमवार नंतर, आधी वकील. आणि रागाच्या भरात त्याचं गावभर करू नकोस. तुझी फसवणूक झाली हे खरं, पण तुम्हा दोघांना त्या मांडवात ढकलणारे हात बहुतेक तेच होते.

शेवटी माझ्या धंदेभावांशी आणि धंदेभगिनींशी. आपल्या फॉर्मवर रास, नक्षत्र, नाडी, गण, देवक, रक्तगट, चष्म्याचा नंबर, शेती बागायत की जिरायत, सगळ्याला रकाना आहे. 'तुम्हाला लग्न करायचं आहे का?' याला नाही. मी तो छापून घेतला नाही, कारण छापला की तोही बापच भरेल. त्याऐवजी गेली काही वर्षं मी नाव नोंदवायला आलेल्या प्रत्येकाशी दहा मिनिटं एकटीनं बोलते. आईवडिलांना बाहेर बाकावर चहा देते. आणि तेवढं एकच विचारते. बहुतेक जण 'हो तर' म्हणून हसतात. एखादा हसत नाही. मग मी पुढचं काही विचारत नाही. कारण माझ्यापाशी उघड करायची सक्ती त्याच्यावर नाही, आणि कळलंच तर ते घरी सांगायचा हक्क मला नाही. त्या फोनची मला अजून लाज वाटते.

मग काय करता, असं एका सहकारी बाईनं मला विचारलं. मग मी पत्रिका जुळू देत नाही. नाडी येते, मंगळ येतो, गुण सोळाच भरतात, मुलीकडचे 'कळवतो' म्हणतात आणि कळवत नाहीत. आयुष्यभर या मंगळानं चांगल्या मुलींची स्थळं मोडली, म्हातारपणी थोडं पुण्य करून घेतोय. खोटं बोलते, हो. वर्षभर बोलते. तेवढ्यात तो मुलगा नोकरीची बदली करून घेतो, ती मुलगी एम.एड.ला प्रवेश घेते. उत्पन्न थोडं घटलं. एका घरानं 'यांच्या हाताला यश नाही' म्हणून फॉर्म काढून दुसरीकडे नेला. तिथं बसलेल्या ताईंनी किंवा भाऊंनी हे वाचलं असेल, तर तुमच्याकडे नव्यानं आलेल्या फॉर्मांतला 'अपेक्षा' हा रकाना नीट बघा. अक्षर कुणाचं आहे ते बघा.

ज्यांच्या घरी तारीख ठरलीच आहे आणि हे वाचताना ज्यांना कुणाचा तरी चेहरा आठवतो आहे, त्यांनी आज रात्री जेवणं झाल्यावर गच्चीवर किंवा अंगणात त्याला एकट्याला गाठा. 'तुला हे करायचंय का?' असं विचारा आणि मग तो बोलेपर्यंत तुम्ही बोलू नका, कितीही वेळ लागला तरी. नाही म्हणाला तर कारण मागू नका. पत्रिका छापायला गेल्या असतील तर प्रेसला फोन करा. हंगामात प्रेसवाले रात्री अकरापर्यंत असतात.